पोर्शे ९१४ मध्ये सुबारूचं इंजिन: कुठून सुरुवात करायची आणि काम कुठे अडतं

पोर्शे ९१४ ही १९६९ ते १९७६ या काळात बनलेली दोन सीटची गाडी. इंजिन सीटच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या पुढे. चार सिलिंडरच्या गाडीला फोक्सवॅगनचं हवेवर थंड होणारं बॉक्सर इंजिन (समोरासमोर आडवे झोपवलेले सिलिंडर असलेलं) होतं. सुरुवातीच्या १.७ लिटरची ताकद ८० अश्वशक्ती, नंतरच्या २.० लिटरची १००. गाडीचं वजन साधारण ९०० ते ९५० किलो. वळणावर ही गाडी आजही भल्याभल्यांना ऐकत नाही, पण सरळ रस्त्यावर इंजिन कमी पडतं आणि त्याचे सुटे भाग महाग होत चाललेत. म्हणून अनेक जण सुबारूच्या ईजे मालिकेतल्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांकडे वळतात. तेही चार सिलिंडरचं बॉक्सर, लांबीला आखूड. दोन्ही गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे आणि फिरण्याची दिशाही एकच, त्यामुळे उलटंसुलटं काही करावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इंजिन गिअरबॉक्सला जोडून गाडीत चढवणं हे शनिवार-रविवारचं काम आहे. खरा वेळ आणि पैसा जातो तो पाणी खेळवण्यात आणि वायरिंगमध्ये. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत, त्यांच्यासाठी ठेवलेली जागाही नाही. सगळं नव्यानं करायचं असतं. बजेट मांडताना इंजिनाची किंमत हा छोटा आकडा धरा.

कोणतं इंजिन घ्यायचं

पहिल्याच कामाला टर्बो घेऊ नका. कारण गिअरबॉक्स. २.० लिटरच्या मूळ इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १५७ न्यूटन-मीटर होता आणि गाडीतल्या पोर्शेच्या ९०१ गिअरबॉक्सला तेवढ्याची सवय आहे. २.२ लिटरच्या ईजे२२ चा टॉर्क १९० च्या आसपास, सिंगल कॅमच्या (प्रत्येक बाजूला व्हॉल्व्ह उघडणारा एकच दांडा असलेल्या) २.५ लिटरचा २२५ च्या आसपास. नीट चालवलं तर गिअरबॉक्स एवढं सोसतो. सुबारूच्या वेगवान डब्ल्यूआरएक्स गाडीतल्या ईजे२०५ टर्बोचा टॉर्क मात्र २९० च्या पुढे जातो. मग पहिल्या गिअरमध्ये जोरात क्लच सोडण्याची चैन विसरायची, नाहीतर सुबारूचाच गिअरबॉक्स घालायचा. तो घालता येतो. मधला डिफरन्शियल लॉक करून फक्त दोन चाकांवर चालवतात. पण मग गिअरसाठी केबल, हायड्रॉलिक क्लच आणि नवे ड्राइव्हशाफ्ट आले. नवख्या माणसानं या वाटेला जाऊ नये.

पहिल्या कामासाठी नव्वदच्या दशकातलं ईजे२२ उत्तम. अॅक्सिलरेटर केबलचा, इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) नाही, वायरिंग तुलनेनं साधं. १९९६ पर्यंतच्या ईजे२२ मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला आपटत नाही. नंतरच्या इंजिनांत ही सवलत नाही. २.५ लिटरपैकी डबल कॅमचं ईजे२५डी हेड गॅस्केटसाठी (सिलिंडर आणि हेड यांच्यामधली पट्टी) बदनाम आहे. सिंगल कॅमचं घेतलंत तर बसवण्याआधीच टर्बो इंजिनाची अनेक पदरी स्टीलची हेड गॅस्केट टाकून घ्या.

शक्य असेल तर सुटं इंजिन न घेता अख्खी अपघातातली सुबारू घ्या. इंजिनासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), सगळे सेन्सर, रिले, हवेचा मीटर आणि कंट्रोल पॅनलमागचे प्लगही लागतात. हे एकेक करून गोळा करायला लागलात तर अख्ख्या गाडीपेक्षा जास्त खर्च होतो. घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून बघा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

आधी पत्रा

इंजिन बाहेर काढण्यापूर्वी गाडीचा गंज तपासा. ९१४ ची बॅटरी इंजिनाच्या खोलीत उजव्या बाजूला असते. तिचं अॅसिड वर्षानुवर्षं खालच्या पत्र्यावर ठिबकतं आणि तिथून गंज उजव्या लांब पेटीत, म्हणजे दाराखालच्या चासीच्या कण्यात, उतरतो. मागच्या सस्पेन्शनचा आधारही तिथेच आहे. वरून रंग चांगला दिसतो, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार.

या गाडीचं छप्पर निघणारं आहे, म्हणजे वरून ताकद मिळत नाही. सगळा भार दाराखालच्या दोन पेट्यांवर. म्हणून साधी चाचणी: गाडी चाकांवर असताना दाराच्या मागच्या कडेची वरची आणि खालची फट मोजून लिहून ठेवा. मग जॅकवर उचलून पुन्हा मोजा. फट दोन-तीन मिलिमीटरनं बदलली, किंवा दार घासायला लागलं, तर इंजिनाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी पेट्या दुरुस्त करा. वेल्डिंग करताना दाराच्या चौकटीत आडवा पाइप बांधा, नाहीतर गाडी वाकलेल्या अवस्थेतच पक्की होते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

इंजिन बाहेर असतानाच करायची कामं

ईजेची टायमिंग बेल्टची बाजू गाडीत बसल्यावर सीटमागच्या भिंतीला चिकटते. म्हणजे नंतर बेल्ट बदलायचा तर इंजिन पुन्हा खाली उतरवणं आलं. म्हणून आत्ताच बेल्ट, टेन्शनर, सगळे आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कॅम सील आणि पुढचं क्रँक सील बदला. मागच्या बाजूला क्रँकचं मोठं सील आणि त्याच्या जवळची ऑइल सेपरेटर प्लेट बघा. जुन्या इंजिनांवर ती प्लास्टिकची असते, वाकते आणि तेल गळतं. धातूची टाका. नवा क्लच तेलात भिजला की लोक क्रँक सीलला शिव्या देतात, दोष बहुधा या प्लेटचा असतो.

मग इंजिन जमिनीवरच सुरू करून बघा. मजबूत लोखंडी चौकट, बादलीतलं पेट्रोल नव्हे तर बंद कॅन, साधा रेडिएटर, अग्निशामक हाताशी. सुबारूचं पूर्ण हार्नेस, काहीही न कापता, जोडायचं. या अवस्थेत इंजिन नीट चाललं तर पुढे गाडीत बसवल्यावर सुरू न झाल्यास चूक तुमच्या कापाकापीत आहे हे कळतं. ही पायरी गाळलेले लोक पुढे आठवडेच्या आठवडे वायर शोधत बसतात.

जुनं इंजिन उतरवणं

९१४ चं इंजिन गिअरबॉक्ससकट खालून निघतं. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, मागचा भाग एवढा उंच की ट्रॉलीवरचं इंजिन मॅनिफोल्डसकट खालून बाहेर ओढता येईल. क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, गिअरचा दांडा, ड्राइव्हशाफ्ट, अर्थची पट्टी, पेट्रोलच्या नळ्या, हीटरच्या हवेच्या नळ्या आणि इंजिनाच्या खोलीतल्या रिले बोर्डचे प्लग सोडा. प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत. गाडीतून निघालेलं काहीही, इंजिनासकट, फेकू किंवा विकू नका. मूळ इंजिन सोबत असलेल्या ९१४ ला पुढे गिऱ्हाईक वेगळं मिळतं.

अॅडॅप्टर प्लेट: इथे घाई नको

गिअरबॉक्स मूळ जागीच राहतो, म्हणून ड्राइव्हशाफ्टचे कोन बदलत नाहीत आणि इंजिनाची जागा आपोआप ठरते. दोघांच्या मध्ये अॅल्युमिनियमची अॅडॅप्टर प्लेट लागते. केनेडी इंजिनिअर्ड प्रॉडक्ट्ससारखे उत्पादक प्लेट, फ्लायव्हील आणि क्लच यांचा संच देतात. ओळखीच्या लेथवाल्याकडून प्लेट करून घेण्याचा मोह होतो, पण इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूकही महागात पडते. स्टार्टर गिअरबॉक्सवर असतो आणि तो पोर्शेचाच राहतो, म्हणून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात त्याच्याशी जुळले पाहिजेत.

प्लेट इंजिनाला बसवल्यावर डायल गेज क्रँकच्या टोकाला लावा आणि इंजिन हातानं फिरवत प्लेटच्या मधल्या गोल कडेवर गेजचा काटा फिरू द्या. एका फेऱ्यात ०.१३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर प्लेट केंद्रात नाही. अशा जोडणीत गाडी चालते, पण क्लच थरथरतो, गिअर अडतो आणि काही महिन्यांत इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं.

दुसरी तपासणी हातानं करायची. गिअरबॉक्स ढकलला की त्याचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये शिरून गिअरबॉक्स शेवटपर्यंत, कड कडेला भिडेपर्यंत, हाताच्या जोरावर गेला पाहिजे. शेवटची पाच मिमीची फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवावीशी वाटली, तर पाना खाली ठेवा. एकतर क्लच प्लेट केंद्रात नाही, किंवा इनपुट शाफ्टचं टोक क्रँकला जाऊन टेकतंय. बोल्टनं ओढून बसवलंत तर शाफ्ट क्रँकला सतत पुढे रेटतो आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकतो. म्हणून जोडण्याआधी क्रँकचा पुढे-मागे होणारा सूक्ष्म खेळ मोजा आणि जोडल्यावर पुन्हा मोजा. आकडा तोच आला पाहिजे.

माउंट आणि ऑइल सम्प

पुढे मूळ गाडीसारखाच आडवा बार, त्यावर सुबारूच्या माउंटच्या जागा. रबर मूळ कडकपणाचंच ठेवा. कडक माउंटवर बॉक्सर इंजिनाची थरथर थेट सीटमध्ये येते. बार बसल्यावर ईजेचा सम्प (तळाची तेलाची परात) जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, तेही तुम्ही आत बसलेले आणि टाकी भरलेली असताना. सम्प गाडीतला सगळ्यात खालचा भाग ठरत असेल तर तो आखूड करून घ्यावा लागतो. मग तेल खेचणारी नळीही तेवढीच आखूड करायची आणि नळीचं तोंड तळापासून ८ ते १० मिमीवर ठेवायचं. जास्त जवळ आलं तर तेलाचा ओघ आवळतो, लांब राहिलं तर वळणावर हवा ओढली जाते. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या घाला, कारण ही गाडी वळणासाठीच घेतली जाते. जुन्या नळीला जोडाजवळ चिरा पडतात, त्यामुळे नवी किंवा मजबूत केलेलीच वापरा.

पाणी

रेडिएटर पुढच्या डिकीत, स्टेपनीच्या जागी जातो. आकार ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या रेडिएटरपेक्षा लहान नको. हवा आत येण्यासाठी बंपरखालचा पत्रा उघडतात. इथपर्यंत सगळे करतात. विसरलं जातं ते हवेनं बाहेर कुठून जायचं हे. रेडिएटरच्या मागे डिकी बंद असेल तर आत दाब साठतो, हवा रेडिएटरमधून जाईनाशी होते आणि गाडी शहरात थंड, महामार्गावर गरम असा उलटा प्रकार होतो. रेडिएटरमागच्या तळाला किंवा पुढच्या चाकांच्या खोलीकडे मोठी उघडी जागा द्या, आत येणाऱ्या वाटेपेक्षा लहान नको. रेडिएटरच्या चारही कडांना फोमची पट्टी लावा. हवा सोपी वाट शोधते आणि फट दिसली की रेडिएटर टाळून जाते.

पाइप गाडीच्या तळाखालून, दोन्ही बाजूंच्या पेट्यांच्या आतल्या कडेनं मागे न्या. ३८ मिमी बाहेरच्या व्यासाचा अॅल्युमिनियम पाइप पुरेसा. त्यात मीटरमागे जवळपास एक लिटर पाणी मावतं. जाऊन-येऊन सहा मीटर पाइप धरला तर फक्त पाइपमध्ये सहा लिटरच्या आसपास कूलंट. खरेदी त्या हिशोबानं करा. पाइपच्या प्रत्येक टोकाला कडेनं उठाव काढून घ्या. गुळगुळीत पाइपवर क्लिप कितीही आवळली तरी गरम दाबाखाली होज सुटतो, आणि तो तुमच्या पाठीमागेच सुटतो. दर ४०-५० सेंमीवर रबराची क्लिप द्या. पाइप जॅकच्या जागेवरून जाऊ देऊ नका. नाहीतर पहिल्या पंक्चरला टायरवाला पाइपच चेपून ठेवेल.

आता थर्मोस्टॅट. नवखे इथे हमखास फसतात. बहुतेक इंजिनांत तो गरम पाणी बाहेर पडण्याच्या जागी असतो. ईजेमध्ये तो खाली, वॉटर पंपच्या तोंडाशी, रेडिएटरमधून थंड पाणी येण्याच्या जागी आहे. त्याचं मेण असलेलं टोक पंपाच्या बाजूला असतं आणि त्याला इंजिन गरम झाल्याची खबर मिळते ती हीटरमधून फिरून येणाऱ्या पाण्यातून. ९१४ मध्ये पाण्याचा हीटर नव्हताच. एक्झॉस्टवर तापलेली हवा दाराखालच्या पेट्यांतून पुढे यायची. त्यामुळे लोक ईजेच्या हीटरच्या दोन्ही नळ्यांना बूच मारून मोकळे होतात. मग थर्मोस्टॅटच्या टोकाशी पाणी स्थिर राहतं. हेड उकळायला लागलं तरी तो बंदच. शेवटी उशिरा उघडतो, रेडिएटरचं थंड पाणी एकदम आत घुसतं, तो पुन्हा बंद. तापमानाचा काटा झोक्यासारखा वरखाली होत असेल तर कारण बहुधा हेच. थर्मोस्टॅट तीनदा बदलूनही फरक पडत नाही.

उपाय सोपा आहे. हीटरच्या दोन नळ्या निदान एकमेकींना जोडून वळसा पूर्ण करा. त्याहून चांगलं म्हणजे पुढे छोटा हीटर कोअर बसवा. एक्झॉस्टचा मूळ हीटर इंजिनासोबत गेलेलाच असतो आणि थंडीत काचेवर धुकं धरलं की त्याची आठवण होते. मात्र मध्ये बंद होणारा व्हॉल्व्ह टाकायचा असेल तर बायपास असलेलाच टाका.

पंप आता तीन मीटर लांबून पाणी ओढतो, म्हणून त्याच्या तोंडाकडचा होज आत स्प्रिंग असलेला किंवा जाड पदराचा हवा. मऊ होज वेगात चपटा होतो आणि गाडी थांबवून बघितलं की पुन्हा गोल दिसतो. एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) इंजिनाच्या खोलीत सर्वांत उंच जागी बसवा आणि तिची खालची नळी पंपाच्या तोंडाजवळ जोडा. टाकीचं झाकण ०.९ ते १.१ बारचं. थर्मोस्टॅट ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो, तेव्हा पंखे ९५ च्या सुमारास सुरू होतील असा स्विच घ्या, आणि पंख्यांना स्वतंत्र रिले व फ्यूज.

पेट्रोल

९१४ ची टाकी पुढे आणि पेट्रोलच्या नळ्या मधल्या बोगद्यातून मागे जातात. त्या प्लास्टिकच्या आहेत आणि आता पन्नास वर्षांच्या झाल्यात. हात लावला की तडकतात. इंजिन कोणतंही घाला, या नळ्या बदलायच्याच. जायला ८ मिमी, परतीला ६ मिमी स्टीलची नळी, बोगद्याच्या आत एकही जोड नको. मूळ डी-जेट्रॉनिक इंजेक्शनचा पेट्रोलचा दाब २ बारच्या आसपास होता, ईजेला ३ बारच्या आसपास लागतो. म्हणून नवा पंप, टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली, कारण हे पंप ढकलण्यात चांगले, ओढण्यात वाईट. पुरवठ्याकडचे होज इंजेक्शनसाठीचेच. इंजिन बंद ठेवून पाच मिनिटं पंप चालवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर दिसते.

वायरिंग

सुबारूचं हार्नेस टेबलावर पसरा आणि त्याच गाडीच्या, त्याच वर्षाच्या वायरिंगच्या नकाशाशी ताडून एअरबॅग, वायपर, दिवे, एसी यांच्या वायर काढत जा. वायरचा रंग बघून कापू नका, दोन्ही टोकं मल्टिमीटरनं तपासून मगच कापा. शेवटी गाडीशी जोडायला मोजक्या वायर उरतात:

- बॅटरीतून थेट कायमचा करंट
- किल्ली चालू केल्यावरचा करंट
- स्टार्टर फिरत असल्याचा सिग्नल
- पेट्रोल पंपाचा रिले आणि मुख्य रिले
- चेक इंजिनचा दिवा आणि तपासणीचा प्लग
- वेगाचा सिग्नल
- न्यूट्रल स्विच
- टॅकोमीटरची वायर

वेगाचा सिग्नल लोक सोडून देतात, कारण ९१४ चा स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि सुबारूला हवा तसा सिग्नल तिथे नसतो. मग चौकात गाडी थांबताना इंजिन गचके खातं किंवा बंद पडतं. केबलवर बसणारा छोटा सेन्सर मिळतो, तो घाला. जुना टॅकोमीटर कॉइलच्या जोरदार ठोक्यावर चालायचा, ईसीयूचा मवाळ सिग्नल त्याला पुरत नाही. त्यासाठी मध्ये अॅडॅप्टर लागतो.

सुबारूच्या ऑल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो, म्हणून रिले बोर्डवरचा जुना रेग्युलेटर काढा. चार्जिंगच्या दिव्याची वायर मात्र ऑल्टरनेटरपर्यंत न्याच. तो दिवा नुसता दाखवायला नाही, त्याच्यातून जाणाऱ्या करंटनंच ऑल्टरनेटर जागा होतो. आणि अर्थिंग: इंजिनापासून बॉडीला एक, गिअरबॉक्सपासून बॉडीला एक, ईसीयूच्या अर्थच्या वायर इंजिनाच्या मॅनिफोल्डवर, जिथे सुबारूनं दिल्या होत्या तिथेच. रंगावर बसवलेलं अर्थ म्हणजे अर्थ नव्हे. पत्रा चकचकीत घासा.

पहिला स्टार्ट

तेल भरा. पेट्रोल पंपाचा रिले काढून, स्पार्क प्लग काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मग प्लग लावा. पाणी सावकाश भरा: रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला हवा काढायचा स्क्रू उघडा, तिथून बुडबुड्याशिवाय पाणी आलं की बंद करा, मग इंजिनाच्या वरच्या आडव्या पाइपची हवा काढा. मोजलेल्या क्षमतेपेक्षा दोन लिटर कमी गेलं असेल तर ते दोन लिटर म्हणजे आत अडकलेली हवा आहे, 'बसेल हळूहळू' म्हणून सोडू नका.

सुरू करा, एक्स्पान्शन टाकीचं झाकण उघडं ठेवून पंखे दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. हीटर गरम हवा देतोय ना, रेडिएटरची खालची नळी थर्मोस्टॅट उघडल्यावर तापतेय ना, हे हातानं बघा. टाकीत सतत बारीक बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि कूलंटमध्ये जळका वायू आहे का ते तपासा.

रस्त्यावर काढण्यापूर्वी ब्रेक. मूळ ब्रेक ८० ते १०० अश्वशक्तीसाठी होते, निदान होज, पॅड आणि फ्लुइड नवे हवेत. इंजिन बदलल्याची नोंद आणि विमा तुमच्या देशाच्या नियमाप्रमाणे आधी करून घ्या, काही ठिकाणी प्रदूषण तपासणी नव्या इंजिनाच्या वर्षानुसार होते.

पहिले शंभर किलोमीटर घराच्या आसपासच. मग थंड गाडीवर सगळ्या होज क्लिप पुन्हा आवळा, ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा आणि टाकीतल्या पाण्याची पातळी खुणेशी ताडा. पाचशे किलोमीटरला हेच पुन्हा, सोबत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली स्वच्छ पुठ्ठा रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर काळा डाग दिसला तर सील किंवा ती सेपरेटर प्लेट. लालसर-तपकिरी, उग्र वासाचा दिसला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील.